बाबांचा दहीवडा

माझी भावजय चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी तिच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नये. करून घ्यायचंच असेल तर माझ्याबद्दल घ्या. ती हुशार आहे, कमावती आहे, कधी आवाज चढवत नाही, आणि माझ्या बाबांना माझ्यापेक्षा चांगलं सांभाळते. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

आई गेल्यावर बाबा कल्याणच्या चाळीत एकटे कसे राहणार हा प्रश्न आला. म्हणजे यायला हवा होता. प्रत्यक्षात त्यावर कोणी चर्चाच केली नाही. मी डोंबिवलीत दोन खोल्यांत राहते. नवरा, मी आणि कॉलेजात जाणारी मुलगी. धाकट्या भावाचा घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर मोठा फ्लॅट. एका शनिवारी तो गाडी घेऊन आला. बाबांची ट्रंक, आईचा फोटो आणि विहारातल्या वाचनालयाची परत करायची राहिलेली दोन पुस्तकं डिकीत गेली आणि बाबा पुढच्या सीटवर बसले. माझ्याकडे राहता का, असं मी त्यांना विचारलं नाही. ते नाही म्हणतील याची भीती होती, आणि हो म्हणतील याचीही होतीच थोडी. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, बरं झालं, तिकडे लिफ्ट आहे.

त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे बाहेर जेवायला भेटतो. बाहेर जेवायची पद्धत बाबांचीच. ते अंबरनाथला एका कंपनीत मशीनवर होते. पगार झाला की पुढच्या रविवारी आम्हा तिघांना कल्याण स्टेशनसमोरच्या एका उडपी हॉटेलात घेऊन जायचे. चाळीत तेव्हा हॉटेलात जाणारं दुसरं कुटुंब नव्हतं, त्यामुळे आई निघताना दार जरा जोरात ओढून घ्यायची.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पाचवीत होते. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून असायचं. वेटरने मेनूकार्ड बाबांच्या हातात दिलं आणि ते सगळं इंग्रजीत होतं. बाबा सातवी शिकलेले, मराठी पेपर जाहिरातींसकट वाचून काढणारे. पण इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. त्यांनी कार्ड उघडलंच नाही. खिशातून रुमाल काढून ते पुढून-मागून पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. वेटरला म्हणाले, "हिला विचारा. आमच्यात इंग्रजी हीच वाचते."

मला घाम फुटला. वेटर उभा, आई बघतेय, बाबा तर असे बसलेले की आता बक्षीस समारंभच होणार आहे. इडली आणि डोसा मी धडाधड वाचले. बाबा म्हणाले, "ते तर मलापण माहितीये. काहीतरी नवीन वाच." मग मी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत बसले. शेजारच्या टेबलावर कोणीतरी उंच ग्लासातलं गुलाबी गुलाबी काहीतरी लांब चमच्याने खात होतं आणि माझा भाऊ तोंड उघडं टाकून तिकडे बघत होता. आईने त्याची मान धरून सरळ केली. तेवढ्यात माझं बोट एका लहानशा नावावर थांबलं. दहीवडा. दही माहीत होतं, वडा माहीत होता, दोन्ही एका बशीत घालतात हे मात्र माहीत नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं.

"मला तेच द्या," बाबा म्हणाले.

दहीवडा आला. बाबांनी तो डोळे मिटून खाल्ला, प्रत्येक चमच्यावर घोटभर पाणी पीत. बशीत थेंब ठेवला नाही. कसा आहे, मी विचारलं. ते म्हणाले, "तू वाचून मागवलायस. आता विचारतेस काय?"

त्या दिवसापासून आमच्या घरात ठरूनच गेलं. मेनूकार्ड आलं की बाबा ते रुमालाने पुसणार आणि न उघडता माझ्याकडे देणार. आईला मसाला डोसा, भावाला कटलेट, मला उत्तप्पा आणि बाबांना दहीवडा. हॉटेलं बदलली. भाऊ इंजिनीअर झाला, माझं लग्न झालं, पहिल्या दिवाळसणाला नवरा जावई म्हणून मधल्या खुर्चीवर ऐटीत बसला आणि त्याने मेनूकार्डाला हात घातला, तर बाबांनी ते त्याच्या हातातून हळूच काढून घेऊन माझ्याकडे दिलं. नवऱ्याला ते फार लागलं. मला किती आनंद झाला ते मी त्याला आजवर कळू दिलेलं नाही.

घरी बाबा दही खायचे नाहीत. आई काकडीची कोशिंबीर करायची तर दही घालण्याआधी त्यांच्यापुरती बाजूला काढायची. हे मी रोज बघत होते. माझा समज असा की बाबांना दही हॉटेलातलंच आवडतं, कारण त्यात साखर घालतात. आपल्याला हवं तसं जग लावून घ्यायला माणसाला किती कमी अक्कल लागते.

तर घोडबंदरला गेल्यापासून बाबा बदलले. फोनवर म्हणायला लागले, "आमच्याकडे पाणी चोवीस तास असतं." आमच्याकडे! मी डॉक्टरकडे कधी जाताय विचारलं तर म्हणायचे, "सूनबाईला विचारून सांगतो." तिने त्यांना नवीन चष्मा केला, चालायचे बूट आणले, सोसायटीच्या बागेत म्हाताऱ्यांच्या ग्रुपात नाव घातलं. मी प्रत्येक वेळी "अरे वा" म्हणायची. अरे वा म्हणताना माझा चेहरा कसा होतो ते माझी मुलगी मला करून दाखवते.

त्या रविवारी भावाने माजिवड्याचं एक हॉटेल ठरवलेलं. नवऱ्याची ड्युटी होती, म्हणून मी आणि मुलगी दोघीच निघालो. मेगाब्लॉक असल्यामुळे कॅब केली. शीळफाट्याला तासभर अडकलो. खिडकीतून समोरच्या ट्रेलरचं मागचं चाक पाहून पाहून पाठ झालं. मी ठेवणीतली साडी नेसले होते आणि पदराला घामाचा डाग पडेल म्हणून हात पंखांसारखे बाहेर धरून बसले होते.

"मम्मी, तू लग्नाला चाललीयेस का?" मुलगी म्हणाली.

"आजोबांना ही साडी आवडते."

"मामी काय घालून येणार ते बघू, मग ठरवू कोण जिंकलं. चिल मार ना यार, जेवायलाच चाललोय."

मामी, म्हणजे माझी भावजय, साधा सुती कुर्ता घालून आली होती आणि छान दिसत होती. आम्ही पोचलो तेव्हा ते तिघं बसलेलेही होते. तिने बाबांच्या पाठीशी घरून आणलेली लहान उशी लावली होती. वेटरला सांगून त्यांच्या डोक्यावरचा एसी दुसरीकडे वळवून घेतला होता. बाबांचा पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा होता. मी पाया पडले तर म्हणाले, "उशीर केलास गं बाई. आम्ही कधीचे आलोय."

पुन्हा आम्ही.

टेबलावर मेनूकार्ड नव्हतं. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं एक स्टिकर चिकटवलं होतं. भावजयीने फोन काढला, त्याच्यावर धरला आणि सगळं हॉटेल तिच्या हातात आलं. "ताई, तुम्ही काय घेणार?" तिने मला विचारलं. मला. चाळीस वर्षं ज्या टेबलावर मी विचारत आले तिथे मला विचारलं.

"मेनूकार्ड नाहीये का?" मी वेटरला म्हटलं.

"मॅडम, स्कॅन करा ना."

"मला कार्ड पाहिजे."

"ताई, मी वाचते ना," भावजय म्हणाली. भाऊ म्हणतो तसं ती मला ताई म्हणते, आणि ते म्हणणं इतकं खरं असतं की रागही धड येत नाही.

"अगं, हातात धरून बघायची सवय असते एकेकाला," मी म्हटलं. भावाने वर बघून न बघितल्यासारखं केलं. मुलीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. मी हललेच नाही. शेवटी वेटरने गल्ल्यावरून एक जुनं, कोपरे दुमडलेलं कार्ड शोधून आणलं. मी हात पुढे केला नाही. "त्यांना द्या," मी बाबांकडे बोट दाखवलं. मला माझं कार्ड बाबांच्या हातून हवं होतं, सगळ्यांच्या देखत, विशेषतः तिच्या.

बाबांनी कार्ड घेतलं. रुमाल काढला. पुढून पुसलं, मागून पुसलं. मी पदर सावरून बसले.

आणि बाबांनी कार्ड उघडलं.

चष्मा वर सरकवला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. "म... सा... ला. मसाला. पा... पड." मग खालची ओळ. "व्हे... ज. व्हेज. को... ल्हा..." बोट अडलं. समोर बसलेल्या भावजयीचे ओठ आवाज न करता हलले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांना कळलं. "कोल्हापुरी! व्हेज कोल्हापुरी!" त्यांनी कार्ड टेबलावर आपटलं आणि माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसले. भावाने टाळ्या वाजवल्या, माझ्या मुलीने फोन काढून व्हिडिओ सुरू केला.

"सरप्राईज होतं ताई तुमच्यासाठी," भावजय म्हणाली. "सहा महिने रोज रात्री जेवण झालं की बसतो आम्ही. औषधाच्या पाकिटांवरून सुरुवात केली. मला म्हणाले, पोरीला सांगू नकोस, मी तिला हॉटेलात वाचून दाखवणार."

मी हसले असेन. व्हिडिओत मी हसताना दिसते. पण खरं सांगते, माझा तिळपापड झाला होता. बाबा शहात्तराव्या वर्षी इंग्रजी वाचायला शिकले याचा आनंद बाजूलाच राहिला. मला एवढंच दिसलं की हे तिने केलं. मी इतकी वर्षं त्यांना वाचून दाखवत राहिले, शिकवावं असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. का आलं असतं? ते शिकले असते तर कार्ड माझ्याकडे आलं नसतं. हे मला त्या टेबलावर बसल्या बसल्या कळलं, आणि जे कळलं त्याचा राग मी तिच्यावरच काढला.

ऑर्डर देऊन झाली. वेटर वळला तसा मी त्याला थांबवलं. "आणि एक दहीवडा. बाबांना."

"ताई," भावजय हळू आवाजात म्हणाली, "बाबांना दही नाही चालत."

"बाबांना?" माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला. "चाळीस वर्षं दहीवडा खातायत ते. माझ्यासमोर. तुला दोन वर्षांत कळलं, मला चाळीस वर्षांत कळलं नाही?"

"नाही, तसं नाही ताई. मी त्यांना एकदा विचारलेलं, काय आवडतं, काय नाही, ते. तेव्हा म्हणाले की आंबट लागलं की दात आंबतात, दही तर लहानपणापासून घशाखाली उतरत नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

वेटर एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत उभा. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी सांगावं की ती चुकतेय. ते टेबलावरची मिठाची डबी हातात घेऊन बघत होते. मग वेटरला म्हणाले, "आण बाबा एक. तिने सांगितलाय ना, आण."

आला. तीच बशी, तेच वर टाकलेलं लाल तिखट. बाबांनी चमचा घेतला, डोळे मिटले, घास तोंडात घातला आणि लगेच पाण्याचा ग्लास उचलला. चमचा, डोळे, पाणी. पाचवीतल्या मुलीला जे चवीने खाणं वाटलं होतं ते मी आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बघत होते. औषध घेताना माणूस असं करतो.

"आजोबा, आवडत नाही तर कशाला खाताय?" माझी मुलगी म्हणाली.

"पोरीने मागवलाय," बाबा म्हणाले.

इथे मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. लाज आधी वाटली नाही. आधी मी भावजयीकडे पाहिलं, आणि मनात म्हटलं, बघ. तुझ्याकडे ते त्यांना आवडतं ते खातात. माझ्यासाठी न आवडणारं खातात, आणि चाळीस वर्षं खातात. आता सांग कोण जवळचं. खरंच असं वाटलं, पोटातून गार वाटलं. बाबा तिसरा चमचा उचलत होते. त्यांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. तेव्हा कुठे माझी मला लाज वाटली. मी त्यांच्यापुढची बशी ओढून घेतली आणि उरलेला दहीवडा स्वतः खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

मग जेवणं झाली. व्हेज कोल्हापुरी बाबांनी बोटं चाटून खाल्ली, नाक पुसत, रोटीवर रोटी. ते असं जेवतात हे मी आईच्या हातचं सोडलं तर कुठे पाहिलेलं नव्हतं. भाऊ सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाबद्दल बोलत राहिला.

ताटं उचलल्यावर बाबांनी मेनूकार्ड पुन्हा घेतलं. आता काही पुसलं नाही. मिटलेलंच माझ्यापुढे सरकवलं. "घे," म्हणाले. "गोडाचं तू बघ."

ते त्यांनी मला समजूत घालायला दिलं हे मला कळत होतं. कार्ड हातात घेतलं. उघडणार होते, मग नाही उघडलं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

साधा प्रश्न. जगात कोणीही कोणालाही विचारतं. मी त्यांना तो कधीच विचारला नव्हता.

बाबांनी आधी सुनेकडे पाहिलं. साखर थोडी वर असते, म्हणून पाहिलं असेल. पण मला ते पुन्हा खुपलंच. ती सरळ उठली. "मी आलेच हात धुऊन," म्हणाली आणि वळूनसुद्धा न बघता गेली. भावाला फोन आला तो बोलत बाहेर गेला. मुलगी व्हिडिओ कोणाकोणाला पाठवत होती.

बाबा माझ्याकडे वाकले. "त्या दिवशी," म्हणाले, "कल्याणला, पहिल्या दिवशी. शेजारच्या टेबलावर एक जण ग्लासातलं काहीतरी खात होता. गुलाबी. आठवतंय?"

"आठवतंय."

"ते पाहिजे होतं मला. त्याला काय म्हणतात ते तुला वाचायला सांगणार होतो. पण तू अशी घामाघूम झालेलीस. म्हटलं, जाऊ दे, पोरीला जेवढं येतंय तेवढंच मागवू."

"मग नंतर? एवढ्या वर्षांत?"

"नंतर तू विचारलं नाहीस. आणि तू इतक्या झोकात मागवायचीस गं, मधे बोलावंसं वाटायचं नाही."

मला पाणी प्यावं लागलं. मग मी कार्ड उघडून शेवटचं पान काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. कुठली ओळ ते मला दिसत होतं. सांगितलं नाही. ओठसुद्धा हलवले नाहीत. बाबांचं बोट वरून खाली येत गेलं, दोनदा चुकून पुढे गेलं, परत आलं. "फा... लू..." ते थांबले. मी थांबले. "दा. फालुदा."

"फालुदा," मी म्हटलं.

उंच ग्लास आला. लांब चमचा आला. बाबांनी डोळे उघडे ठेवून खाल्ला. पाण्याच्या ग्लासाला हात लावला नाही.

भावजय हात पुसत आली आणि ग्लास बघून थांबली. दोन वर्षांत बाबांची अशी एकही गोष्ट नव्हती जी तिला माहीत नव्हती. "फालुदा?" ती म्हणाली. "बाबांना फालुदा आवडतो? मला कधी बोलले नाहीत. ताई, कसं काय?"

बाबांनी ग्लासातून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं. मिशीला गुलाबी लागलेलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज मागवला."

त्यानंतर ती मला आणखी दोनदा विचारून गेली आहे. मी अजून तिला सांगितलेलं नाही.